बेअरिंगच्या गाडीचा जीर्णोद्धार : शास्त्र, पथ्ये आणि थोरला भाऊ

प्रत्येक घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपावं असं काहीतरी असतं. कुणाकडे तलवार, कुणाकडे पैठणी, कुणाकडे भाऊबंदकीचा दावा. आमच्याकडे बेअरिंगची गाडी आहे. एक देवदारी फळी, पुढं-मागं एकेक आडवा दांडा, चार बेअरिंगं आणि एक दोरी. बाकी सगळं अण्णाचं बोलणं. अण्णा म्हणजे आमचा थोरला भाऊ. अशी वस्तू पुढच्या पिढीच्या हवाली करण्यापूर्वी तिचा जीर्णोद्धार यथासांग कसा करावा, याचं मार्गदर्शन मराठीत उपलब्ध नाही. ती उणीव खाली भरून काढली आहे.

नियम १ : संकल्प सोडावा. काम सुरू करण्याआधी ‘हे सगळं पोरांसाठी चाललंय’ असं घरात मोठ्यानं जाहीर करावं. पोरांनी काही मागितलेलं नसतं, तरीही करावं. आमच्याकडे अण्णानं त्याच्या नातीला, म्हणजे सईला, समोर बसवून इतिहास ऐकवला. अमेरिकेत डेटन गावी १९३४ साली पोरांच्या बिनइंजिनाच्या गाड्यांची शर्यत झाली, पुढच्याच वर्षी ती ॲक्रनला गेली आणि आजही भरते. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून पहिली गो-कार्ट केली. थोडक्यात, आपली गाडी या जागतिक परंपरेतली. सईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आजोबा, हिला ब्रेक कुठाय?” परंपरेकडे याचं उत्तर नव्हतं.

नियम २ : माळ्यावरून गाडी उतरवताना एकानं वर चढावं आणि एकानं खाली उभं राहून ‘जपून’ म्हणावं. कोण काय करणार, हे जन्मक्रमानं ठरतं.

नियम ३ : बेअरिंगची पत्रिका पाहावी. हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग, आणि यात खरोखर शिकण्यासारखं आहे. बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. गंज पुसला की दिसतो. आमच्या गाडीवर निघाला ६३०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणायचं, की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. म्हणजे २५. हा हिशेब ०४ पासून पुढं चालतो. ०३ असेल तर १७ आणि ०२ असेल तर १५, हे पाठच करावं. ६३०५ चा बाहेरचा व्यास ६२, जाडी १७. पाण्याच्या पंपाच्या मोटारीत असली बेअरिंगं असायची. ती वाजायला लागली की उद्यमनगरातले मेस्त्री काढून टाकायचे आणि आम्ही शाळा सुटल्यावर दारात उभे राहायचो. मेस्त्री आधी ओरडायचे, मग द्यायचे.

आता मागची जोडी पाहिली तर डावं ६३०५ आणि उजवं ६२०५, म्हणजे व्यास ५२. गाडी कायम उजव्या अंगाला कलून चालायची, त्याचं कारण हे. अण्णा तेव्हा सांगायचा की रस्त्यालाच उतार आहे. आम्ही त्या रस्त्यावरची पोरं. आम्ही मान डोलवायचो. आकडा दाखवल्यावर अण्णानं चष्मा लावून पाहिला आणि म्हणाला, “रस्त्यालाही होता.”

धुलाईला पूर्वी रॉकेल वापरत. ते आता औषधालाही मिळत नाही, तेव्हा डिझेल घ्यावं. बेअरिंगं रात्रभर डब्यात बुडवून ठेवावीत, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासावीत. वाळवायला कॉम्प्रेसरच्या हवेनं भिंगरीसारखी फिरवायचा मोह होतो, तो आवरावा. कोरडं बेअरिंग त्या वेगानं फिरलं की छरे आणि त्यांची खोबण दोन्ही खराब होतात, फुटलं तर डोळ्याशी गाठ. मग बोट आत घालून हलकेच फिरवावं आणि कान द्यावा. सळसळ आली तर उत्तम. खरखर आली तर अजून माती आहे, पुन्हा डब्यात. प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी ‘कट्’ असं आलं, तर खोबणीला खड्डा पडलाय. ते फेकून द्यावं. तिथं आठवणी काढत बसू नये.

ग्रीस की तेल, हा आमच्यात जुना वाद आहे. उघड्या बेअरिंगला ग्रीस थापलं की रस्त्याची सगळी धूळ तिथंच मुक्कामाला येते. म्हणून पातळ तेलाचे दोन थेंब, तेही वारंवार. अण्णा ग्रीसवाला आहे. त्याच्या बोटाला अजून लागलेलं आहे.

नियम ४ : भुंगा लागलेली फळी बदलावी. खाली पिवळसर भुकटी पडत असेल तर प्रश्न मिटला. चांगली असेल तर घासून अळशीचं तेल पाजावं.

नियम ५ : दांडा बाभळीचा घ्यावा. टोकं कानशीनं घासत घासत बरोब्बर २५ मिलिमीटरवर आणावीत. बेअरिंग बसवताना हातोडा बाहेरच्या कड्यावर मारायचा नाही. आतल्या कड्यावर पाइपचा तुकडा टेकवून त्यावर मारायचा. आतलं कडं दांड्याला घट्ट, बाहेरचं रस्त्यावर मोकळं, हे या गाडीचं सगळं तत्त्वज्ञान. शेवटी दांड्याच्या टोकाला चीर देऊन बांबूची पाचर ठोकावी. पाचर मारण्यात आमच्या घरात कोण तरबेज आहे, हे सांगायची गरज नाही.

नियम ६ : सुकाणू. पुढचा दांडा एका बोल्टवर फिरतो. जुन्या गाडीत त्या बोल्टाचं भोक लंबगोल झालेलं असतं आणि पुढचं चाक आपल्या मनानं जातं. भोक मोठं करून लोखंडी पाइपचा तुकडा ठोकून बसवावा, बोल्टाला दोन नट लावावेत. दांड्याच्या दोन्ही बाजूंना फळीवर एकेक खुंटी मारावी, म्हणजे तो ठरावीक कोनापलीकडे वळणार नाही. आमच्या गाडीला अशी खुंटी नव्हती. वळणावर आमची गाडी उलटत असे आणि अण्णाच्या मते ‘बसणाऱ्याला तोल नव्हता’.

नियम ७ : ब्रेक. पूर्वी चपलेची टाच हाच ब्रेक होता आणि आईचा मार हे त्याचं वंगण. लोखंडी चाकाला काँक्रीटवर पकड नसते, म्हणून चाक दाबून उपयोग नाही. स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा लाकडी खटक्याला ठोकावा आणि तो रस्त्यावर घासेल असं करावं. खटका उजव्या हाताशी. ही सूचना सईची. अण्णा आता ती आपली म्हणून सांगतो.

नियम ८ : रंग देऊ नये. रंग दिला की कुणी बसू देत नाही.

नियम ९ : जागा. गंगावेशीतून पंचगंगेकडे उतरणारा रस्ता आमच्या वेळी आमचा होता. आता तिथं एवढी वाहनं की आम्हीच जीव मुठीत धरून चालतो. पेव्हर ब्लॉकवर बेअरिंग दर फटीत अडखळतं, मेच्या उन्हात डांबरात रुततं. बंद बोळ, गुळगुळीत काँक्रीट, सकाळची वेळ आणि डोक्याला हेल्मेट. दुपारी गाडी काढली तर त्या खडखडाटानं गल्लीतली वामकुक्षी मोडते आणि चाकं जप्त होतात. तेव्हाही व्हायची.

नियम १० : ढकलणार कोण? गाडीच्या संपूर्ण इतिहासात अण्णा बसला आणि आम्ही ढकललं. आमची बहीण आक्का तर फक्त ढकलण्यासाठीच जन्माला आली होती. ‘मुलींनी बसायचं नसतं, वजन पुढं जातं’ असा अण्णाचा शास्त्राधार होता.

पण फळी घासताना मागच्या कडेला दोन छोटी भोकं सापडली, आणि त्यांत अजून अडकलेला सुंभाचा तुकडा. मी सगळ्यांत धाकटा. उतारावर मागून घसरून पडू नये म्हणून अण्णानं तिथं मला धरायला कडी केली होती. माझा आताचा पंजा त्यात शिरत नाही. त्या कडीबद्दल अण्णा कधी बोलला नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलला.

उद्घाटनाला अण्णा सवयीनं फळीकडे निघाला. आक्का गुडघ्याला पट्टा बांधून आली होती. म्हणाली, “अण्णा, हो मागं. आज मी बसणार, मग सई. तू ढकल.” आणि अण्णानं ढकललं. दमला, वाकला, पण पहिल्यांदाच काही बोलला नाही, कारण श्वास पुरत नव्हता.

तेव्हा वाचकहो, जीर्णोद्धार झाला की गाडी दिवाणखान्यात मांडून ठेवू नका. पोरांना द्या, सोबत पाना द्या, आणि ढकलायला घरातल्या सगळ्यांत थोरल्याला लावा. मोडली तर मोडू द्या. भंगारवाल्याकडे बेअरिंगं अजून वजनावर मिळतात.