माडी

"नाना, संध्याकाळी मंडळात येताय ना?" रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातले आमचे शेजारी नाना यावर हो-नाही काहीच म्हणत नाहीत. उजव्या गुडघ्यावर तळवा ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "विचारून सांगतो."

लग्न असो, बारसं असो, विचारणा होतेच. श्रीखंडाचा बेत असला की गुडघा लगेच हो म्हणतो. एकदा मागच्याच गल्लीत मयत झालं, तर विचारणं इतकं लांबलं की मंडळी स्मशानातून परत आली. पलीकडचा कंकाली मठ वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतो; नानांचं गुडघापुराण बारा महिने उघडं.

भाजीवाली रोज विचारते, "का बबा, माड़ी पिराथे?" छत्तीसगढीत माडी म्हणजे गुडघा. पुण्याहून आलेल्या माझ्या सुनेला वाटलं, नानांची माडी खचली. ती मिस्त्री शोधायला निघाली होती.

डॉक्टर म्हणाले, एक किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार हलका होतो. "म्हणजे मी एक पोळी खातो नि हा चार!" नाना गुडघ्याकडेच रागानं बघत म्हणाले आणि पाचवी पोळी वाढून घेतली.

पण माणूस बसून राहत नाही. रोज पहाटे बूढा तालाबावर फेरी. दुखरा उजवा, काठी डाव्या हातात. कुणी "काठी चुकीच्या हातात धरलीत" म्हणालं की त्या बिचाऱ्याची अर्धी सकाळ गेलीच.

"अटलजींनी २००० च्या ऑक्टोबरात ब्रीच कँडीत गुडघा बदलला," हे व्याख्यान मी शंभरदा ऐकलंय, "आणि १ नोव्हेंबरला आपलं राज्य झालं! नव्या गुडघ्याची ताकद बघा." (विधेयक ऑगस्टातच संमत झालं होतं, पण सांगणार कोण?)

"मग तुम्हीही बदला की."

"विचारून सांगतो."

या गुडघ्याला नाना एकच गोष्ट कधी विचारत नाहीत. दिवेलागणीला सतरा पायऱ्या चढून वरच्या माडीवर जातात. चढताना डावा पाय पुढे, उतरताना उजवा, एक हात कठड्याला. वर कुणी नाही; मुलं बंगळुरूला, वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. वरच्या खोलीतला दिवा तेवढा लावतात. गल्लीतून बघणाऱ्याला वाटावं, घर भरलेलं आहे. मला हे कळलं तेव्हा चिडायचं एक हक्काचं कारण गेलं म्हणून मी जरा हिरमुसलोच.

परवा झड लागली होती. सात वाजले तरी माडी अंधारात. मी छत्री घेऊन गेलो. नाना खाली खुर्चीत, गुडघ्याला शेकाची पिशवी.

"आज नाही म्हणाला," ते म्हणाले. विचारलं होतं तर.

मी किल्ली घेतली. अकराव्या पायरीवर माझ्या डाव्या गुडघ्यात कट्‌कन वाजलं. मी कठडा धरून उभा राहिलो.

"का हो," खालून आवाज आला, "काय म्हणतोय?"