पत्ता न सांगणारे काका

श्रावण-भाद्रपदात पहाटेच्या एसटीत तुम्ही त्यांना पाहिलं असेल. गळ्यात भिंग, खांद्याला शबनम, पायात चिखलाचे बूट आणि चेहऱ्यावर 'मी कुठे चाललोय ते विचारू नका' असा भाव. आयुष्यभर बँकेत कॅशियर होते. चावी कुणाच्या हाती द्यायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. तिजोरी सुटली, तसे काका कंदीलपुष्पांच्या राखणीला लागले.

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. गावात कुणी खरतुडी म्हणतं, कुणी हमण. यातल्या कित्येक जाती जगात फक्त आपल्या सह्याद्रीत उगवतात, त्याही एखाद्या कड्याच्या गवतात मूठभर. पाकळ्यांची टोकं वर जुळलेली आणि खाली नळी. नळीत आत वळलेले केस असतात. बारकी माशी वासाला भुलून आत शिरते ती अडकतेच. केस कोमेजले की तिची सुटका होते आणि जाताना ती पराग घेऊन जाते. काकांकडून माहिती मात्र तशीही सुटत नाही.

"काका, हे कुठे मिळालं?"

"सह्याद्रीत."

"म्हणजे पुणे जिल्हा की नगर?"

"चहा घेणार?"

काका फोटो दाखवतात, पण त्यात फुलामागे नुसतं धुकं. कड्याची रेघ पाहून गड ओळखणारे लोक असतात, म्हणून तीही कापलेली. मोबाइलचं लोकेशन बंद. एसटीचं तिकीट स्टँडवरच फाडून टाकतात. हा माणूस दर पावसाळ्यात जातो कुठे, याबद्दल काकूंना मध्यंतरी भलताच संशय आला होता. काकांनी तो संशय पत्करला, पण गडाचं नाव नाही सांगितलं.

लॉचं कंदीलपुष्प ही यातलीच एक जात. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी ते फूल नोंदवलं, मग बराच काळ ते कुणाला दिसलंच नाही. पुढे हरिश्चंद्रगडावर पुन्हा सापडलं. अभ्यासकांना केवढा आनंद झाला! काकांच्या मते मात्र मधली वर्षं हीच त्या फुलाची सुखाची.

एकदा पठारावर एका गुराख्यानं काठीनं उकरून, सोलून, कंदीलपुष्पाचा पांढराशुभ्र कंद काकांच्या तळहातावर ठेवला. "खावा की, ग्वाड लागतोय." काकांचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला. तेव्हापासून शबनममध्ये उकडलेले बटाटे असतात. गुराख्यांच्या पोरांना वाटतात आणि बजावतात, "कंद खायचा तर हा." पोरं बटाटे खातात, आणि मग गोड म्हणून तो कंदही.

माझं मत विचाराल तर गुराख्यावर डोळे वटारण्यात अर्थ नाही. त्याच्या आजोबांनीही हेच कंद खाल्ले, तरी फुलं राहिली. फुलं आटली ती पठारं खणून बंगले उठले, गाडीरस्ता माथ्याला भिडला, रविवारी जत्रा भरू लागली तेव्हा. काका सांगतात, एक फोटोवाला एका फुलासमोर श्वास रोखून आडवा पडला होता. त्याच्या पोटाखाली तीन रोपं होती.

नुसत्या गुप्ततेनं झाड वाढत नाही, हेही खरं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी या जाती बागेत जमवल्या, वाढवल्या. काका तिथे जाऊन आले. प्रत्येक कुंडीपाशी थांबले, रोपं मनापासून वाखाणली, आणि प्रवेशाच्या वहीत 'कुठून आलात' या रकान्यात लिहिलं, 'घरून'.

यंदा गवतात असा कंदील दिसला तर जरूर पाहा. पाय कुठे पडतोय ते बघा, फोटो काढा, पण जागेचं नाव टाकू नका. आणि काकांचा नंबर माझ्याकडे मागू नका.