गेनबा

परभणी शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंचीवर आहे, आणि तेवढ्या उंचीवर येऊन ते जे आडवं पडलंय ते पडलंच आहे. वसमत रोडला लागा, गंगाखेड रोडला लागा, पाथरीकडं निघा. पायडल न मारता सायकल पळावी एवढा उतारसुद्धा मिळायचा नाही. रेल्वेवरचा उड्डाणपूल हीच आमची पर्वतरांग. त्यामुळं एक माणूस पहाटे पाचला पळत त्या पुलावर चढतो, पलीकडं उतरतो, वळतो आणि पुन्हा चढतो, असं तासभर चालल्यावर खालच्या चहावाल्यानं आधी त्याला काही हरवलं का विचारलं, मग पाणी पाजलं आणि शेवटी त्याच्या घरी फोन लावला.

घरचे म्हणाले, "राहू द्या. पुण्याला असतो तो."

ह्या माणसाच्या तोंडात दर दोन वाक्यांमागं 'गेन' हा शब्द असतो. किती पळलो हे तो सांगत नाही, किती गेन झाला ते सांगतो. गेन म्हणजे पळताना एकूण किती मीटर चढलो त्याची बेरीज. उतरलेलं वजा करायचं नसतं, त्यामुळं हिशेब कायम फायद्यातच राहतो. गल्लीनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचं नाव गेनबा ठेवलं. नाव जुन्यातलंच असल्यानं त्याच्या आजीलाही ते चटकन पाठ झालं. आता परभणीत, सेलूत, मानवतात, जिथून म्हणून पोरं पुण्याला गेलीत तिथल्या प्रत्येक गल्लीत एखादा गेनबा निघतोच.

परभणीहून निघताना तो साधा इंजिनिअर असतो. हिंजवडीत नोकरी, रात्री अकराला जेवण, तिसाव्या वर्षी पोट आणि कंपनीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल. मग शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी त्याला रविवारी वेताळ टेकडीवर घेऊन जातो. पहिल्या दिवशी हा अर्ध्यातच बसतो, आणि तिथून उठला की दुसराच कुणी असतो. महिन्याभरात तो आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढतो. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी न खाता उतरतो, इथंच ओळखावं की केस हाताबाहेर गेली. पुढं रात्री कात्रजहून निघून टेकड्यांमागून टेकड्या तुडवत पहाटे सिंहगड. त्यापुढं डिसेंबरातली सिंहगड-राजगड-तोरण्याची शर्यत, जी ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंत असते. गेनबा ११ची पळतो आणि १००ची बोलतो.

एकदा डोंगराची वाट लागली की डांबरावर पळणारे त्याच्या नजरेतून उतरतात. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये हजारो लोक यवतेश्वरचा घाट चढतात, त्याचा विषय काढला तर गेनबा मान तिरकी करून म्हणतो, "हं. पण रोड आहे तो." मुंबई मॅरेथॉनबद्दल तर तो बोलतही नाही. आपल्या परभणीत रनिंगचं कल्चरच नाही, हे मात्र प्रत्येक खेपेला बोलतो. एकदा काळ्या कमानीजवळच्या टपरीवर हे वाक्य त्यानं जरा मोठ्यानं टाकलं. बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "ज्योती गवाते कुठल्या हो? २०१७ला मुंबईच्या मॅरेथॉनला भारतीय बायांमधी पहिली आल्ती ती पोरगी. परभणीचीच ना?" गेनबानं चहा संपवला. चहा अर्धाच होता, तरी संपवला.

दिवाळीला किंवा पोळ्याला तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं उतरतो तेव्हा खांद्यावर एक बॅग असते. तिच्यात कपडे थोडे आणि सरंजाम फार. सगळ्यात आधी जेलच्या पुड्या निघतात. पळताना दर पाऊण तासाला एक तोंडात पिळायची असते. मागच्या खेपेला धाकट्या चुलतभावानं त्यातल्या दोन केसांना लावल्या आणि लग्नाला गेला. भांग छान बसला, पण माशा जेवण होईपर्यंत हटल्या नाहीत. मग मिठाची पावडर निघते, पाण्यात घालून प्यायची. ती पाहून आई दरवेळी घाबरून विचारते, "जुलाब झाले का रे?" आणि शेवटी निघतो तो पाण्याचा जॅकेटवजा पिट्टू. छातीवर पट्टे, पाठीवर पाण्याची पिशवी, खांद्यावरून तोंडाशी आलेली नळी. हे अंगावर चढवून तो शिवारात शिरला की बांधावरचा माणूस त्याला फवारणीचा पंपवालाच समजतो.

"भाऊ, कोन्तं औषध मारायलात?"

"पाणी आहे काका."

"पान्यानं अळी मरंल का?"

पावसाळ्यातला प्रसंग तर पाहण्यासारखा. गेनबाचे बूट खास डोंगरवाटांचे. तळाला पाच मिलिमीटरचे दात, चिखल पकडायचा आणि झटकायचा म्हणून परदेशात कुणीतरी डोकं लावून बनवलेले. किंमत १४ हजार. आईला ४ सांगितलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी हे बूट घालून तो दुधनेच्या बाजूच्या एका पाणंदीत शिरला. आमच्या काळ्या मातीत चिकणमातीचा भरणा फार. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते आणि धरलं की सोडत नाही. बुटाच्या दातांनी ठरल्याप्रमाणं चिखल पकडला. झटकायची पाळी आली तेव्हा मातीनं नकार दिला. दहा पावलांत एकेका पायाला दोन-दोन किलो, वीस पावलांत गेनबाची उंची तीन बोटं वाढली. तो तेवढाच गेन. पुढं बूट जागच्या जागी राहिले आणि मोज्यांवरचा गेनबा पुढं गेला. बैल धुऊन परतणाऱ्या एकानं ते उपसून दिले आणि शांतपणे सांगितलं, "हितं बूट हातात धरून पळत असतेत."

ही हकिगत कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, मातीतच आयुष्य काढलेल्या एका सरांच्या कानावर गेली. विद्यापीठाच्या आवारात सकाळी अर्धी परभणी फिरायला येते. तिथं त्यांनी गेनबाला गाठून चालत्या पायी तासच घेतला. सिंहगड ज्या काळ्या पाषाणाचा, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट, आणि परभणीची माती म्हणजे तोच बेसाल्ट झिजून, कुजून, काही जागेवर तर काही गोदावरी-पूर्णेनं वाहून आणून पसरलेला. "तू डोंगर शोधायला पुण्याला गेलास," सर म्हणाले, "आणि तुझ्या बुटाला चिकटला तो कोण होता?" गेनबानं हे मन लावून ऐकलं. मग घड्याळात पाहून म्हणाला, "पण सर, गेन?"

गेनसाठी जिल्ह्यात जागा आहेत, नाही असं नाही. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटचे डोंगर आहेत आणि उत्तरेला जिंतूरजवळ नेमगिरी. नेमगिरी हे जैनांचं क्षेत्र, डोंगरात गुंफा, गुंफांत तीर्थंकरांच्या मूर्ती. पार्श्वनाथांची मोठी मूर्ती जवळजवळ अधांतरी उभी असल्यासारखी दिसते, ती पाहायला दुरून लोक येतात. गेनबा मात्र डोंगराच्या चढाला येतो. सहा किलोमीटर पळण्यासाठी परभणीहून चाळीसेक किलोमीटर गाडीनं, तीही भाऊजींच्या आणि भाऊजीच चालवणार. डोंगर लहान, त्यामुळं बेरीज जमायला वर-खाली, वर-खाली. भाऊजी गाडीत झोपतात. पाचव्या फेरीला पायथ्याशी बसलेल्या एका आजीनं हात करून थांबवलं.

"नवस हाय का बाळा?"

"नाही आजी."

"मंग कुनी करायला लावलं?"

इथंच गेनबाची खरी अडचण आहे. आमच्याकडं माणूस पळतो त्याला कारण लागतं. गाडी सुटत असली, कुत्रं लागलं, नवस असला, शुगर असली किंवा भरती असली तर पळावं. पाचांपैकी एकही नसताना पळणारा माणूस लोकांना अस्वस्थ करतो. 'मजा येते' हे उत्तर त्यानं देऊन पाहिलं. ऐकणाऱ्यानं त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन, पोराला पुण्यात काही टेन्शन आहे का, असं हळूच विचारलं.

भरतीवाल्या पोरांशी त्याची गाठ मैदानावर पडते. ही पोरं खेड्यांतून येऊन खोली करून राहिलेली, काही अनवाणी, काहींच्या बुटांना सुतळीनं टाके. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं, आणि ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर पैकीच्या पैकी २० गुण. त्यांनी गेनबाला आपल्यातलाच समजून विचारलं, "सर, कोन्त्या जिल्ह्यात फॉर्म भरला? वय बसतं का पन?" गेनबानं समजावलं की त्याचं पळणं वेगळं, डोंगरातलं, तिथं किलोमीटरला आठ मिनिटंसुद्धा चांगली मानतात. एका पोरानं मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हंजी सोळाशेला पावणेतेरा मिनटं," तो कळवळून म्हणाला. "सर, रोज या. आपन बसवू." तेव्हापासून ती पोरं त्याला फार जपतात. स्वतःच्या डब्यातलं उकडलेलं अंडं देतात.

रोजच्या चौकशीला कंटाळून मागच्या उन्हाळ्यात गेनबानं शेवटी सोपा मार्ग धरला. मे महिना, ४४ अंशांचा दिवस उजाडायच्या आत पळून यावं म्हणून साडेचारला निघालेला, आणि कोपऱ्यावर शेजारच्या काकूंनी अडवून रोजचा प्रश्न केला. तो म्हणाला, "शुगर आहे काकू."

काकूंचं समाधान झालं. तासाभरात गल्लीचं झालं. दुपारच्या जेवणात आमरसाची वाटी त्याच्या पुढून उचलली गेली. संध्याकाळी कारल्याच्या रसाचे दोन तांबे घरपोच आले. हे सगळं निभावलं असतं, पण सेलूचं एक स्थळ पत्रिका जुळून बैठकीपर्यंत आलं होतं, ते चौथ्या दिवशी 'सध्या मुलीचं शिक्षण चालू आहे' म्हणून मागं फिरलं. मुलीचं शिक्षण दोन वर्षांपूर्वी संपलेलं.

आईनं कपाळाला हात लावला नाही. ती बाई हिकमती. पुढच्या हळदीकुंकवात तिनं सहज बोलल्यासारखं सोडून दिलं की शुगर-बिगर काही नाही, पोरगं भरतीची तयारी करायलंय, कुणाला सांगायचं नव्हतं एवढंच.

आयटीतला मुलगा म्हटल्यावर 'कधी काढतील नेम नाही' म्हणून नाक मुरडणारी परभणी एका रात्रीत वळली. आठवड्यात दोन स्थळं आली. त्यातलं मानवतचं बघायलाच आलं. मुलीचे वडील, मामा आणि भाऊ. पोहे झाले. पगार कुणी विचारला नाही.

"फौजदारकी का?" मामांनी आवाज खाली आणून विचारलं.

"बघू. देवाच्या मनात असंल तर," आई म्हणाली.

गेनबा तोंड उघडणार एवढ्यात मुलीचा भाऊ उठला. तो स्वतः दोन वर्षं भरतीच्या मागं होता. खिशातून मोबाइल काढून त्यानं स्टॉपवॉच लावलं आणि अदबीनं म्हणाला, "दाजी, समोर मैदान हायच. जरा पळून दाखवता का?"

सगळे मैदानावर गेले. गेनबानं १४ हजारांचे बूट घातले, पिट्टू चढवला, नळी तोंडाशी नीट केली आणि चारी बाजूंनी सपाट असलेल्या त्या मैदानाकडं एकदा पाहून घेतलं. चार फेऱ्यांचे १६०० मीटर. भरतीवाली पोरं कडेनं ओरडत होती, "सर, श्वास सोडा! सर, हात!" भावानं घड्याळ थांबवून ते वडिलांना दाखवलं, वडिलांनी मामांना दाखवलं. नऊ मिनिटं आणि वर काही सेकंद.

पाहुण्यांनी परत घरी येऊन एकेक कप चहा घेतला, आजीच्या पाया पडले आणि कळवतो म्हणाले.