शॉर्टकट बटणांचा कीबोर्ड: वणीतील सेवा केंद्रचालकांसाठी निवडीचे निकष

अक्षरे आणि अंक यांच्या नेहमीच्या बटणांखेरीज आवाज कमीजास्त करणे, गाणे पुढे ढकलणे, ई-मेल किंवा कॅल्क्युलेटर उघडणे अशा कामांसाठी ज्यावर स्वतंत्र बटणे, म्हणजेच शॉर्टकट बटणे, दिलेली असतात, त्यास मल्टीमीडिया कीबोर्ड म्हणतात. दिंडोरी तालुक्यातील वणीसारख्या बाजारपेठेत, जेथे सेवा केंद्रातला संगणक दिवसभर सातबारा उतारे आणि उत्पन्नाचे दाखले काढण्यात गुंतलेला असतो, तेथे या बटणांची उपयुक्तता गांभीर्याने तपासणे अगत्याचे ठरते.

म्यूट, म्हणजे आवाज बंद करण्याचे बटण, नवरात्रात विशेष मोहात पाडते. परंतु ते केवळ स्वतःच्या संगणकाला संकेत पाठवीत असल्यामुळे सप्तशृंगी गडाकडे निघालेल्या मंडळींच्या डीजेवर त्याचा कोणताही परिणाम होत नाही, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे. कॅल्क्युलेटरचे बटण मात्र निर्विवाद उपकारक आहे, कारण कांद्याचा हिशेब तोंडी करून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याला संगणकाचेही उत्तर तेच येते का, हे पाहण्याची उत्सुकता असते.

सर्वांत घातक बटण स्लीपचे, म्हणजे संगणकाला झोपवणारे. पोर्टलवर अर्ज अर्धा भरून झालेला असताना त्याला मनगट लागले, तर संगणक जागा होईपर्यंत लॉगिनची मुदत संपलेली असू शकते. मग नवा ओटीपी मागवावा लागतो, आणि तो ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल मुलाच्या खिशात व मुलगा द्राक्षबागेत असतो. यावर उपाय असा की, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन या बटणाने काहीच करू नये, अशी आज्ञा देऊन ठेवावी. पैसे मोजून विकत घेतलेले बटण निकामी करण्याचा हा विधी पहिल्याच दिवशी उरकावा.

खरी परीक्षा मराठी अक्षरांची. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने 1991 मध्ये मान्य केलेली आणि स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे ठेवणारी मांडणी, संगणकात सुरू करून दुकानातच ‘सप्तशृंगी’ हा शब्द टाइप करून पाहावा: त्यास नऊ ठोके आणि एकदा शिफ्ट लागते, पाय मोडण्याचे चिन्ह डी या बटणावर असते, तर ‘शृ’मधला ऋकार अंकांच्या ओळीत पार उजव्या टोकाला सापडतो. संगीताच्या बटणांना जागा करून देण्यासाठी जेथे शिफ्ट आखूड केली असेल, तो कीबोर्ड बिनदिक्कत परत करावा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेत मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांचा वेग पाहतात, गाणी पुढे ढकलण्याच्या वेगाला तेथे गुण नाहीत.

राहिले ई-मेलचे बटण. ते चुकून दाबले गेल्यास पडद्यावर खाते जोडण्याचा कोरा फॉर्म उघडतो, आणि रांगेतील पुढचे गृहस्थ तो आपलाच अर्ज समजून आधार कार्ड पुढे करतात.