दार जरा उचलून घ्या

माहुरात घर असलं की पाहुण्यांचा दुष्काळ पडत नाही. साडेतीन पीठांतलं एक अख्खं पीठ आमच्या डोंगरावर, शिवाय दत्तशिखर, शिवाय अनसूयामाता. त्यामुळे ‘खास तुम्हाला भेटायला आलो’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकाचे पाय आमच्या उंबऱ्याला अजून लागलेले नाहीत. ‘देवीला आलो होतो, म्हटलं उभ्या उभ्या भेटून जावं,’ असंच सगळे म्हणतात. पैनगंगेपलीकडून पुसद-यवतमाळचे येतात, अलीकडून किनवट-नांदेडचे, आणि उभ्या उभ्या आलेली ही मंडळी रात्री आमच्या ओसरीवर आडवी होतात.

त्यांच्या चहापाण्याचं, अंथरुणाचं आम्हाला काही वाटत नाही. वाटतं ते दारांचं. घरच्या माणसाला घरातलं बिघडलेलं दार दिसतच नाही. उचलायचं तिथं हात आपोआप उचलतो, लाथ घालायची तिथं पाय आपोआप लाथ घालतो. पाहुण्याला मात्र हे सगळं सांगावं लागतं, आणि सांगताना आपण काय बोलतोय ते आपल्यालाच ऐकू येतं. “मधल्या खोलीचं दार जरा उचलून घ्या, म्हणजे लागतं. न्हाणीची कडी लावू नका, लागते पण निघत नाही. नुसतं गुणगुणत राहा. खिडकी उघडायची असली तर आधी खाली दाबा, मग बुक्की मारा. तशी नाही, चांगली मारा.” नवरात्रात आमच्या घरी ही आरती दिवसातून किती वेळा होते ते रेणुकेलाच ठाऊक.

एका पुढच्या दाराबद्दल मात्र तक्रार नाही. ते आजोबांच्या वेळचं, किनवटच्या जंगलातल्या सागवानाचं. त्याला बिजागरी हा प्रकारच नाही. फळीलाच वर-खाली खुंट ठेवलेले आहेत आणि ते चौकटीच्या नि उंबऱ्याच्या खोबणीत फिरतात. आतून अडसर. एका बाजूच्या भिंतीतलं भोक चांगलं खोल, त्यात दिवसभर अडसर सारून ठेवायचा; रात्री तो ओढून समोरच्या भोकात टेकवला की झालं. इथल्या रामगडावर हत्ती दरवाजा बांधणाऱ्यांच्या काळात गडाचे दरवाजे असेच बंद होत, आमचं दार त्यांचं धाकटं रूप. यात स्क्रू नाही, स्प्रिंग नाही, म्हणजे बिघडायला काही नाहीच. उघडताना ते असं काही कर्रकर्र ओरडतं की गल्लीतल्या सगळ्यांना आमच्याकडे कोण आलं ते कळतं. कुत्रा पाळायची गरज आम्हाला कधी पडली नाही. तरुणपणी रात्रीचा सिनेमा बघून चोरपावलानं घरात शिरायची सोय मात्र या दारानं ठेवली नव्हती.

बिघाड आहे तो त्याच्यानंतरच्या सुधारलेल्या दारांत, आणि गेल्या नवरात्रात त्याला सौभाग्यवतींचे मामा सापडले. मामा नांदेडला कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. कडी लावल्याशिवाय त्यांना अंघोळ केल्यासारखीच वाटत नाही. गुणगुणण्याची सूचना त्यांनी बाणेदारपणे धुडकावली आणि आतून टॉवर बोल्ट सारला. पाऊण तासानं आतून पहिली हाक आली. मग दाराबाहेर मी, ही, मामी आणि शेजारचे अण्णा असं सल्लागार मंडळ बसलं.

“मामा, दार वर उचला!”

“कशानं उचलू? हाताला साबण आहे!”

“उचलून धरा, पायानं खालून रेटा, आणि मग दांडी सारा!”

“मला हात दोनच आहेत रे!”

शेवटी ‘उदो उदो’ची एक आरोळी आतून आली, धाडकन काहीतरी आपटलं आणि मामा पंचा सावरत प्रकटले. “तुमच्यापेक्षा शिंगणापूरवाले शहाणे,” म्हणाले, “दारंच ठेवत नाहीत.” आता हे खरं आहे. शनीच्या भरवशावर तिथल्या घरांना दारं नाहीत, आणि 2011 मध्ये तिथं उघडलेल्या युको बँकेच्या शाखेलाही कुलूप लावायचं नाही असं ठरलं होतं. पण 2015 मध्ये तिथं पोलीस ठाणंही सुरू झालं, ते मी मामांना सांगितलं नाही. ओल्या माणसाशी वाद घालू नये.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींना बोलावणं गेलं. कानावर पेन्सिल, काखेत पिशवी. मी कडी दाखवायला गेलो, तर त्यांनी कडीकडे बघितलंच नाही. मान वर केली.

“गुरुजी, कडीले काही झालं नाही. दुखणं वरतं हाय.”

दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीवर लोंबतं. तिचे स्क्रू ढिले झाले की दार कडीच्या बाजूनं खाली झुकतं, कोपरा फरशीला घासायला लागतो आणि कडीची दांडी भोकाच्या खाली उतरते. मग लोक काय करतात, तर कोयंडा खाली सरकवतात. दार पुन्हा झुकतं, कोयंडा पुन्हा खाली. आमच्या मधल्या खोलीच्या चौकटीवर अशा जुन्या भोकांची एकाखाली एक उतरंडच आहे. घरात कर्ता पुरुष कोण कधी होता ते तीवरून सांगता येईल. वर बघायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही.

मिस्त्रींनी दाराखाली पाचर ठोकून ते उचललं आणि वरच्या बिजागरीचा एक स्क्रू पेचकस न लावता, नुसत्या चिमटीत धरून बाहेर काढला. मागं भोक एवढं पसरलेलं की करंगळी जावी.

“काड्या हाय का घरात?”

मी काड्यापेटी पुढं केली.

“ह्या नको, मऊ असतेत. उदबत्तीच्या आना.”

नवरात्र असल्यामुळे देवघरात जळून उरलेल्या काड्यांचा साठा दांडगा होता. उदबत्तीची काडी बांबूची, म्हणजे चिवट. त्यांनी तिचा काळा मसाला खरवडला, काड्यांची मोळी फेविकॉलात बुडवून भोकात गच्च ठासली, वर हातोडीचा हलका ठोका दिला आणि बाहेर उरलेली टोकं पटाशीनं चौकटीच्या पातळीत छाटली. “देवाच्या काड्या न्हाणीला?” असं ही दारातून म्हणाली. “देवाच्या हाय म्हनूनच टिकतीन, वैनी,” मिस्त्री म्हणाले आणि फेविकॉल सुकेपर्यंत चहा प्यायला बसले. मग नवीन लांब स्क्रू मामांच्या साबणाच्या वडीवर घासून ते असे फिरवत गेले की शेवटच्या वेढ्याला लाकूड करकरलं. पाचर काढली. बोल्टची दांडी भोकात एका बोटानं गेली आणि एका बोटानं परत आली. मामी आत जाऊन कडी लावून, काढून, पुन्हा लावून आल्या. कामाची याहून मोठी परीक्षा माहुरात होणं नाही.

त्याच उत्साहात मी स्वयंपाकघराचं दार दाखवलं. ते पावसाळ्यात चौकटीत रुतून बसतं. म्हटलं, कडेनं जरा रंधा मारा. मिस्त्रींनी रंधा पिशवीतून काढलाच नाही. लाकूड पाणी प्यायलं की लांबीत वाढत नाही, रुंदीत फुगतं. फुगलेल्या दाराला आता तासलं तर वैशाखात ते सुकून आकसणार आणि फटीतून मांजर ये-जा करणार. “दिवाळी होऊ द्या. तवर दार थोडं रुसन, रुसू द्या.” काम नाकारून स्वतःची मजुरी बुडवणारा माणूस बघून मी चकितच झालो.

आमच्या घरची तेलाची परंपराही त्यांनी मोडीत काढली. कुरकुरलं की खोबरेल, हा आमचा पिढीजात उपाय. पण खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं. दत्तजयंतीच्या थंडीत, घर भरलेलं असतानाच, आमच्या बिजागऱ्या पुन्हा गाऊ लागतात त्याचं कारण हे. मिस्त्रींनी बिजागरीतली सळई ठोकून वर काढली, फडक्यानं पुसली आणि बोटभर ग्रीस लावून परत बसवली. कुलपात तर तेल घालायचंच नाही म्हणाले, धूळ धरून आत चिखल होतो. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्या शिशाची भुकटी किल्लीला फासली. आजोबांचं जुनं गोदरेजचं कुलूप त्यांनी बराच वेळ हातात खेळवलं. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून 1897 साली मुंबईत कुलपं करायला घेतली. वकिलीत काही दिवस काढलेल्या माणसाला कुलपाची गरज पटायला वेळ लागला नसेल.

जाताजाता खिडकीचाही आकडा त्यांनी सरळ केला, कडा साफ केल्या, स्क्रू आवळले. एकूण बिल पाहुण्यांच्या एका वेळच्या चहापेक्षा फार जास्त झालं नाही.

यानंतर आठवडाभर घरात जे झालं त्याला सुधारणा म्हणवत नाही. मधल्या खोलीचं दार उचलायच्या सवयीनं ही खांदा लावून आली आणि थेट पलंगावर पोचली. नातू न्हाणीच्या दाराला लाथ घालून आत घसरला. पाहुण्यांना सांगायला काही उरलं नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं काय हाही प्रश्न पडला. तांबूल खाऊन लाल झालेल्या बोटांनी ते मजेत कड्या सारत हिंडत होते.

आणि खिडकी. देवीच्या डोंगरावरची वानरं प्रसादाच्या नारळासाठी आमच्या गल्लीत उतरतात. एक दांडगा हुप्प्या जुन्या खिडकीशी रोज झटापट करायचा. पण आधी दाबायचं आणि मग बुक्की मारायची, ही युक्ती त्याला कोणी सांगितली नव्हती. दुरुस्तीनंतर त्यानं आकडा एका बोटानं वर केला, खिडकी बिनआवाज उघडली, ओट्यावरचा नारळ आणि केळ्यांचा घड उचलला. मी मिस्त्रींना गाठून तक्रार सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“एका बोटानं?”

“एका बोटानं.”

“मंग गुरुजी, काम चोख झालं म्हना की!”