मिनिटकाका

एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात जा, टाइम ऑफिसच्या मागच्या खोलीत मिनिटकाका सापडतात. पगार पर्सोनेलचा, आणि वर 'सुरक्षा समितीचे सचिव' ही बिनपगारी माळ. जुन्या कायद्यात हजार कामगार झाले की कारखान्याला सेफ्टी ऑफिसर नेमावा लागे. आमच्या हजेरीपटावर हजार कधीच झाले नाहीत, कारण उरलेले ठेकेदाराच्या वहीत असत. तेव्हा सुरक्षा काकांच्या गळ्यात.

काकांना ओळखायची खूण म्हणजे खिशातली चार पेनं. एक निळं, एक गडद निळं, एक काळं आणि एक मधूनमधून अडणारं. समितीची सभा तीन महिन्यांतून निदान एकदा व्हावी असा नियम आहे, म्हणजे वर्षाला चार सभा. चार सभांची मिनिट्स एकाच शाईत दिसली तर बघणाऱ्याला शंका येते. अडणारं पेन पावसाळ्यातल्या सभेसाठी. दमट हवेत पेन अडतंच, असं काकांचं म्हणणं.

हा माणूस कामचुकार मात्र नाही. कायदा त्यांना तोंडपाठ आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला, झोपेत हजारो माणसं गेली, आणि १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालते तिथं सुरक्षा समिती हवी, आणि तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन यांची माणसं समसमान हवीत, हे त्या दुरुस्तीतून आलं. पुढं राज्यांच्या नियमांनी मोठ्या कारखान्यांनाही त्यात ओढलं. नव्या ट्रेनी पोरांना हे सांगताना काकांचा आवाज खरोखर जड होतो. मग ते घड्याळ बघतात, चष्मा पुसतात आणि मार्चची सभा लिहायला बसतात. बाहेर जुलै चालू असतो.

समिती बनवायचं त्यांचं तंत्र ऐकण्यासारखं आहे. व्यवस्थापनाची माणसं सोपी, खुर्चीवर जो असेल तो. अध्यक्ष प्लांट हेड. खरी कसोटी कामगार प्रतिनिधींची. युनियनला विचारावं तर ते भांडखोर पोरगा पाठवणार. म्हणून काका स्वतः शोधतात. एक, ज्याची कायम तिसरी पाळी असते, म्हणजे सभेच्या वेळी तो घरी झोपलेला. एक, जो वर्षभरात निवृत्त होणार. एक, ज्यानं जावयाच्या नोकरीसाठी नुकताच अर्ज दिलाय. आणि एक मुका. अगदी मुका नव्हे, पण ज्याचा आवाज कारखान्यात कोणी ऐकलेला नाही असा. आमच्याकडे तो मान मेंटेनन्सच्या तात्या फिटरला मिळाला. तात्या पाना हातात असला की बोलत नाहीत, आणि पाना त्यांच्या हातातून सुटत नाही.

सभा अजिबात होत नाही असंही नाही. मोठ्या गिऱ्हाईकाचं ऑडिट जवळ आलं की एखादी होते. प्लांट हेड दहा मिनिटं बसतात, मग डिस्पॅचचा फोन येतो. ते उठले की सभा मुक्त होते आणि थेट कँटीनवर घसरते. डाळ पातळ आहे. फाउंड्रीवाल्यांचा गूळ काळा येतो. हात धुवायचा साबण घरचा साबण धुवायच्या लायकीचा नाही. सेफ्टी शूज नऊ नंबरचेच आलेत, आणि सातवाल्यांनी आत कापूस भरून चालवून घ्यावं की काय? (बूट चांगले निघाले तर ते कारखान्यात दिसत नाहीत, गावाकडं शेतात दिसतात, हा भाग मिनिट्समध्ये येत नाही.) समोसे संपतात, सभा संपते.

यातून मिनिट्स काय लिहिणार? म्हणून काका रचतात. आणि इथं त्यांची प्रतिभा मानावी लागते. झालेली सभा कोणीही लिहील, न झालेली लिहायला अंगात काहीतरी लागतं. सगळ्यांनी सगळ्याला होकार दिला असं लिहिलं तर पटत नाही, म्हणून मतभेद हवेत. खोट्या सभेत मुद्दे मात्र खरे लागतात, म्हणून काका लिहायच्या आदल्या दिवशी शॉपमध्ये मुकाट एक फेरी मारतात. कुठं ग्राइंडरचं गार्ड काढून ठेवलंय, कुठल्या अग्निशामकासमोर पोत्यांची थप्पी आहे, कुठल्या शिडीची पायरी तारेनं बांधलीय, हे सगळं त्यांना दिसतं. मग ते मुद्दे सभासदांच्या तोंडी वाटून देतात. प्रॉडक्शन मॅनेजर मिनिट्समध्ये जरा कंजूष वागतो. तिसऱ्या पाळीवाला उजेडाबद्दल बोलतो. आणि तात्या! मिनिट्समधले तात्या म्हणजे वाघ. 'श्री. तात्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली.' 'श्री. तात्यांनी अध्यक्षांच्या निदर्शनास पुन्हा एकवार आणून दिले.' एका सभेत तर त्यांनी सभात्याग केला होता आणि अध्यक्षांनी त्यांची समजूत घालून परत आणलं होतं. त्या दिवशी खरे तात्या भाचीच्या लग्नाला बार्शीला होते.

प्रत्येक मुद्द्यापुढं दोन रकाने. कृती कोणी: संबंधित. मुदत: सततची. या 'संबंधित' माणसावर कारखान्यातली एकूण एक कामं सोपवलेली आहेत आणि तो आजवर कोणाला भेटलेला नाही.

बाकी वर्षभर काकांचा कारभार दृष्ट लागेल असा. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा स्थापना दिन. परिषद १९६६ ची. तिथून आठवडाभर सप्ताह. छातीवर हिरवे बिल्ले, गेटपाशी शपथ, बायकांची रांगोळी, पोरांची चित्रकला, घोषवाक्य स्पर्धा. मॉक ड्रिलची वेळ आधी नोटीस बोर्डावर लागते, त्यामुळे भोंगा वाजायच्या पाच मिनिटं आधीच माणसं असेंब्ली पॉइंटवर चहाची वाट बघत उभी असतात. असेंब्ली पॉइंटच्या पाटीखाली प्लांट हेडची गाडी असते, कारण कंपाउंडात सावली तेवढीच आहे.

गेटवरचा 'अपघातविरहित दिवस' लिहिलेला फळा ही काकांची दुसरी कलाकृती. इजा होऊन माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर अपघात सरकारला कळवावा लागतो. कामावर आला तर? म्हणून हाताला प्लास्टर घातलेल्या पोराला कंपनीची जीप घरून घेऊन येते आणि टाइम ऑफिसात बाकावर बसवते. त्याला म्हणतात लाइट ड्यूटी. पोरगा दिवसभर बाकावर बसून फळ्याकडं बघतो. फळ्यावरचा आकडा वाढतो. याला मात्र मी विनोद म्हणणार नाही. प्रेस शॉपमध्ये बोटं जातात, आणि ती बहुधा ठेकेदाराच्या वहीतल्या पोरांची जातात. त्यांचा समितीत प्रतिनिधी नसतो.

मग एकदा नव्या फॅक्टरी इन्स्पेक्टर आल्या. काकांनी नेहमीप्रमाणे वही पुढं सरकवली, चहा मागवला आणि हवापाण्याचं काढलं. पण या बाई वाचत होत्या. पहिल्या पानापासून. चहावर साय धरली तरी वाचत होत्या. शेवटी मान वर करून म्हणाल्या, "तुमच्याकडचे कामगार फार छान बोलतात हो. दुसरीकडे असं बघायला मिळत नाही. हे तात्या कोण? बोलवा त्यांना."

तात्या कॉटन वेस्टला हात पुसत आले आणि दारातच उभे राहिले.

"गेल्या तिमाहीत तुम्ही सात नंबरच्या प्रेसचा मुद्दा मांडलात," बाई वहीत बघत म्हणाल्या. "दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एकात लाकडी खुंटी ठोकून एकहाती प्रेस चालवतात, आणि हे तातडीनं थांबवा, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. पुढं काय झालं?"

तात्यांनी काकांकडं बघितलं. काकांनी पंख्याकडं बघितलं. तात्या तेवीस वर्षांत पहिल्यांदा ऑफिसात बोलले.

"मीबी तेच इचारतोय म्याडम. काय झालं?"

सगळे सात नंबरवर गेले. खुंटी जागेवर होती, वापरून गुळगुळीत झालेली. दुरुस्ती होईपर्यंत प्रेस बंद ठेवायचा लेखी हुकूम झाला. 'सततची' मुदत असलेलं काम डिस्पॅच अडताच दोन दिवसांत झालं. आता दोन्ही बटणं प्रत्येक स्ट्रोकला सोडून पुन्हा एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. खुंटी ठोकली तर मशीन मख्ख उभं राहतं. असं वायरिंग पहिल्यापासून करता येत होतं, हे इलेक्ट्रिशियननं सगळ्यांदेखत सांगितलं, तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजरनं मिनिट्समधल्यासारखंच तोंड केलं.

आठवड्यानं तात्या जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसात आले.

"काका, ती वही जरा द्या."

"कशाला रे?"

"आजून काय काय म्हनालोय मी, ते बघतो."

ते वहीसमोर बसले. ओळीवर बोट ठेवून स्वतःची सगळी वक्तव्यं वाचली, आणि सिगरेटच्या पाकिटावर यादी उतरवून घेतली. ग्राइंडरचं गार्ड, पोत्यांची थप्पी, तारेची पायरी. सभात्यागापाशी थबकले आणि खूश होऊन हसले. पुढच्या सभेला ती यादी घेऊन आले. प्लांट हेड डिस्पॅचच्या फोनला उठू लागले तेव्हा तात्या म्हणाले, "बसा सायेब, मागच्या खेपंला मी उठलो तवा तुमी मला बसवलंता." साहेबांना यातलं काही आठवेना, पण खाली सही त्यांची होती. ते बसले.

काका तेव्हापासून कष्टी आहेत. खऱ्या माणसांचं बोलणं लिहायला फार अवघड, म्हणतात. वाक्य पुरं करत नाहीत, मध्येच शिव्या देतात, आणि 'संबंधित' म्हटलं की नाव विचारतात. चारपैकी तीन पेनं त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलीत. ग्राइंडरचं गार्ड बसलं, पायरी बदलली. पोत्यांवर अजून चर्चा चालू आहे. बाकावर बसवलेल्या पोराचा विषय कोणी काढलेला नाही, कारण तो काकांनी कधी तात्यांच्या तोंडी घातलाच नव्हता.

कायदा आता बदललाय. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही समिती आहे, आणि कामगारांची माणसं मालकाच्या माणसांपेक्षा कमी नसावीत असं तिथंही लिहिलंय. म्हणजे मिनिटकाका राहणार. तुमच्या कारखान्यात अशी समिती असेल आणि तिच्यावर तुमचं नाव असेल, तर ती वही एकदा मागून वाचा. तुम्ही तिथं बरंच काही बोलला असाल.