उलाळ

मंडळाच्या मीटिंगमध्ये कधी ‘बघू’ म्हणू नये. ‘नाही’ म्हटलं तर लोक चार दिवस रागावतात. ‘हो’ म्हटलं तर निदान आभार मानतात. ‘बघू’ म्हणणाऱ्याचं नाव मात्र थेट ‘जबाबदारी’च्या रकान्यात चढतं. डेट्रॉइटच्या उपनगरात आमचं हौशी ढोल-ताशा पथक आहे. त्याचे दहा ढोल, चार ताशे, ध्वज आणि बोकडाएवढाले दोन स्पीकर माझ्या तळघरात राहतात, कारण तीन वर्षांपूर्वी मी एकदा ‘बघू’ म्हणालो होतो.

हे सामान न्यायला एक पिकअपवाले गृहस्थ होते. यंदा ते नोकरीसाठी टेक्सासला गेले आणि त्याच सुमारास ग्रँड रॅपिड्सहून मिरवणुकीचं आमंत्रण आलं. मीटिंगमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, “तुझ्या त्या इलेक्ट्रिक गाडीचं एवढं कौतुक सांगतोस, ती ट्रेलर ओढेल का रे?”

इथे मी ‘बघू’ म्हणालो असतो तरी परवडलं असतं. मी व्याख्यान दिलं. इंजिनाला जोर यायला आधी फेरे वाढावे लागतात, मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकद लावते, गिअर बदलायची भानगड नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. ठराव झाला.

रात्री गाडीचं पुस्तक काढलं. ब्रेक नसलेला ट्रेलर १,५०० पौंडांपर्यंत ओढता येईल, आणि ट्रेलरच्या दांडीचा भार गाडीच्या शेपटावर १५० पौंडांहून जास्त पडता कामा नये, असं त्यात होतं. म्हणजे गाडीत ताकद होती, पण ट्रेलर अडकवायला जागाच नव्हती. एका गॅरेजला फोन केला. ‘इलेक्ट्रिक’ शब्द ऐकताच तिकडचा आवाज एकदम सभ्य झाला आणि त्यानं दुसऱ्या गॅरेजचा नंबर दिला. दुसऱ्यानं ९०० डॉलर आणि तीन आठवडे सांगितले. मिरवणूक दोन आठवड्यांवर होती. शेवटी मी ट्रेलर अडकवायचं ‘हिच’ घरपोच मागवलं.

त्या वेळी अण्णा आमच्याकडे आले होते. वय एकाहत्तर. कराडजवळच्या आमच्या गावात त्यांनी वीस वर्षं बैलगाडीनं कारखान्याला ऊस घातला. अमेरिकेत येऊन दोन महिने झाले होते आणि बघण्यासारखं सगळं त्यांचं पहिल्या आठवड्यातच बघून झालं होतं. खोक्यातून चौकोनी नळी आणि जाडजूड आडवा बार निघाला तेव्हा ते गॅरेजमध्ये खुर्ची घेऊन आले. बाराभोवती एक फेरी मारली.

“ह्यो कणा हाय का जू?”

“जू म्हणा, अण्णा. गाडीच्या मागे बसतं.”

“जू मागं?” त्यांनी खुर्चीवर बैठक मारली. दिवसभराच्या करमणुकीची सोय झाली होती.

हिच बसवायचं म्हणजे आधी मागचा बंपर उतरवायचा. बंपर प्लॅस्टिकच्या क्लिपांवर उभा असतो. या क्लिपा एकदाच बसवण्यासाठी जन्माला येतात. दहांपैकी चार निघाल्या, सहा मोडल्या. खाली तर पूर्ण पत्राच होता, तोही प्लॅस्टिकचा. इलेक्ट्रिक गाडीचं पोट वाऱ्याला अडथळा नको म्हणून परातीसारखं सपाट ठेवतात. त्या परातीला आणि बंपरच्या खालच्या ओठाला एक खाच पाडायची होती. पन्नास हजारांच्या गाडीला, जिचे अजून बावन्न हप्ते बाकी आहेत, स्वतःच्या हातानं करवत लावायची. मी चिकटपट्टीनं रेघ आखली, तीनदा मोजली, आणि पाणी प्यायला घरात गेलो. परत आलो तेव्हा अण्णा करवतीची धार अंगठ्यानं बघत होते. मग मात्र मी घाईनं स्वतःच कापलं.

आत केशरी वायरी दिसल्या. ४०० व्होल्टच्या मुख्य बॅटरीच्या तारा मुद्दाम त्या रंगाच्या असतात, म्हणजे भलत्यानं हात लावू नये. मी अण्णांना ते समजावलं. ते म्हणाले, “बरुबर हाय. भगवं दिसलं की हात जोडायचे, लावायचे न्हाईत.”

खरी कसोटी पुढे होती. गाडीच्या चासीतल्या पोकळ पट्टीत आतून बोल्ट आणायचा असतो. भोक बोटभर, बोल्ट जाणार लांबून, मधे हात जात नाही. त्यासाठी टोकाला वेटोळं असलेली एक तार येते. ती भोकातून घालायची, दुसऱ्या भोकातून काढायची, वेटोळ्यात बोल्ट फिरवायचा आणि वायसरसकट ओढत आणायचा. मी उताणा पडून अर्धा तास ओढत होतो. बोल्ट दर वेळी तोंडाशी येऊन आडवा व्हायचा.

“अरं, लेंग्यात नाडी घालतुयास न्हवं?” वरून आवाज आला. “मग टोक दाबून धर आन् कापड सरकव. नाडी वडायची नसती.”

कापड म्हणजे गाडी, ती सरकवायची कशी, हे मी विचारलं नाही. पण तार ओढायची थांबवून नुसती हलकी गोल फिरवत राहिलो आणि बोल्ट मुकाट्यानं बाहेर आला. चारही आले. टॉर्क पान्यानं आवळले. हवा तेवढा ताण आला की तो पाना ‘टक्’ म्हणतो आणि तिथे थांबायचं असतं. अण्णांना हे पटलं नाही. त्यांच्या मते बोल्ट आवळला कधी, तर आवळणाऱ्याच्या तोंडातून ‘हं’ निघाला की. माझं लक्ष नसताना त्यांनी एका बोल्टाला ‘हं’ केलं. तो सोडून मला पुन्हा ‘टक्’पर्यंत आणावा लागला.

दुसरा दिवस वायरिंगचा. अमेरिकेतल्या लहान ट्रेलरला चार तारा पुरतात. पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची. ट्रेलरला ब्रेक आणि वळणाचा इशारा एकाच बल्बमधून द्यायचा असतो. माझ्या गाडीत मात्र ब्रेक लाल आणि इंडिकेटर पिवळा, दोघांचे संसार वेगळे.

“त्यात काय?” अण्णा म्हणाले. “लाइटीच्या वायरीला पीळ मार, वर चिकटपट्टी गुंडाळ. आमच्या ट्रॉल्यांस्नी तसंच हाय.”

त्यांच्या ट्रॉल्या मी पाहिल्या आहेत. हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यानं जातात. त्यांच्या मागे दिवा आहे की नाही हे बहुधा मागून आदळणाऱ्यालाच कळतं. पण माझी अडचण वेगळी होती. आताच्या गाडीतला कॉम्प्युटर प्रत्येक दिव्याची नाडी बघत असतो. एलईडीला लागणाऱ्या चिमूटभर करंटवर ट्रेलरच्या बल्बांचा भार टाकला, तर पडद्यावर तक्रार येते, आणि नशीब फुटकं असेल तर दिव्याचं सर्किट जळतं. म्हणून मधे एक डबी बसवायची. ती गाडीच्या दिव्यांचं फक्त ऐकते, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र करते, आणि ट्रेलरला करंट देते तो स्वतंत्र फ्यूजमधून, बॉनेटखालच्या लहान १२ व्होल्टच्या बॅटरीतून.

अण्णांनी गाडीखाली वाकून बघितलं. “खाली एवढी खाटेएवढी बॅटरी हाय म्हनतुयास, आन् दोन बल्बांस्नी करंट न्हाई?”

“ती ४०० व्होल्टची आहे, अण्णा. बल्ब १२चे.”

“म्हंजे दारात हत्ती, आन् दळान गाढवावर.”

त्या गाढवापासून डिकीपर्यंत तार न्यायला रविवार गेला. दारांच्या उंबऱ्यांवरच्या पट्ट्या उचकटून, गालिच्याखालून, मागच्या सीटच्या कुशीतून. उरलेल्या क्लिपा या मार्गावर कामी आल्या. संध्याकाळी तपासायला आणलेले ट्रेलरचे दोन सुटे दिवे जोडले आणि ब्रेक दाबला. दोन्ही दिवे मिणमिणले. डावा इंडिकेटर दिला, तर दोन्ही बाजू अर्धवट उघडझाप करू लागल्या. तीन वेळा डबी काढून लावली. तिच्या कंपनीला मनातल्या मनात एक खरमरीत पत्रही लिहून झालं.

अण्णा म्हणाले, “अर्थिंगला पानी घातलंस का?”

मला हसू आलं. विहिरीवरची मोटर रुसली की हे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि घागरभर पाणी ओततात. म्हटलं, इथे खड्डा नसतो, गाडीचा पत्राच अर्थिंग. हे वाक्य बोलता बोलताच माझं हसू थांबलं. पांढऱ्या तारेचं कडं मी जिथे स्क्रूनं आवळलं होतं, तिथे पत्र्यावर कंपनीचा सुरेख निळा रंग होता. रंगातून करंट कसा जाणार? पॉलिश पेपरनं रुपयाएवढा रंग खरवडला, कडं पुन्हा आवळलं, आणि दिवे लख्ख लागले. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “पानी घातलं न्हाईस तरी चाललं म्हनायचं.”

शनिवारी सकाळी भाड्याचा बंद ट्रेलर आणला. गोळ्यावर बसवला, खिट्टी लावली, साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या अडकवल्या, म्हणजे दांडी निसटलीच तर जमिनीऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडेल. ट्रेलर दाराशी लावायला गाडी मागे घेतली आणि ती किंचाळायला लागली. मागे एक फुटावर काहीतरी आहे, थांबा, थांबा! तिनं आपणहून ब्रेकसुद्धा मारला.

“बुजलीया,” अण्णा शांतपणे म्हणाले. “पयल्यांदा जुंपल्यावर खोंड बी असाच करतो. थोपट तिला.”

मी तिला पडद्यावर थोपटलं. तीन मेनू आत शिरून सेन्सर बंद केले. तरी ट्रेलर सरळ मागे जाईना. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे. मी आशेनं अण्णांकडे बघितलं. त्यांनी हात वर केले. “बैलगाडी मागं घेत न्हाईत. वळवून घेत्यात.” एवढ्या एका बाबतीत त्यांच्या वीस वर्षांचा उपयोग नव्हता. बंगल्यांच्या त्या गल्लीत बैलगाडी वळवता येत नाही. दोन घरांच्या हिरवळीवर आमच्या चाकांच्या खुणा अजून आहेत.

सामान मी शास्त्रशुद्ध भरलं. जे आधी काढायचं ते दाराजवळ. त्यामुळे हलके ढोल आत आणि स्पीकर, टेबलं, ध्वजाचा लोखंडी दांडा अगदी मागे. मोठ्या रस्त्याला लागलो, ताशी ४५ मैल झाले आणि ट्रेलर डोलू लागला. आधी थोडा, मग मागून कुणी शेपूट धरून आपटतंय असा. पाय काढला, वेग हळूहळू उतरू दिला. पाचव्या मिनिटाला परत दारात.

“उलाळ झालीया,” अण्णा उतरता उतरता म्हणाले.

हा शब्द मी तीस वर्षांनी ऐकला. मागे जड आणि धुरेकडे हलकी झालेली गाडी उलाळ. अशी गाडी चढाला लागली की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं आणि गळ्याची पट्टी त्यांना आवळते. उलट धुरजड झाली की सगळं ओझं मानेवर. अण्णांनी दांडी दोन हातांनी बोटभर उचलली. “पंचवीस-तीस किलु.”

पुस्तकात लिहिलेलं मला आत्ता आठवलं. दांडीचा भार एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा. ट्रेलर आणि सामान मिळून साधारण १,३०० पौंड, म्हणजे निदान १३०. मी बाथरूममधला वजनकाटा आणून दांडीखाली ठेवला. ६० पौंड. सत्तावीस किलो.

मग आम्ही सगळं उतरवलं. स्पीकर चाकांच्या पुढे, टेबलं त्यांच्या शेजारी, ढोल मागे. अण्णा मधेमधे दांडी उचलून बघत आणि “आजून” म्हणत. शेवटी म्हणाले, “दीड मनाच्या घरात आली. बास.” दीड मण म्हणजे साठ किलो. काटा म्हणाला १३४ पौंड. गणित करून बघा; मी तिथेच उकिडवा बसून केलं.

बायको दारात आली. “हा माझा काटा आहे ना?”

पुढे ट्रेलर डोलला नाही. डोलला फक्त बॅटरीचा आकडा. एरवी २६० मैल जाणारी गाडी मागे ती उभी भिंत घेऊन वारा कापू लागल्यावर निम्म्यावर आली. ओढायला त्रास नव्हता, वाऱ्याला होता. लान्सिंगला थांबावंच लागलं. चार्जिंगच्या जागा नाक खुपसून उभं राहणाऱ्या एकट्या गाड्यांसाठी आखलेल्या असतात. शेपूट असलेल्यांसाठी नाही. म्हणून सुपरमार्केटच्या कडेला ट्रेलर सोडला आणि गाडी तेवढी चार्जरवर नेली. पाऊण तासानं येऊन बघतो, तर अण्णा सोडलेल्या ट्रेलरच्या सावलीत बसून धपाटे खात होते. शेजारी एक पिकअपवाला अमेरिकन उभा, त्याच्याही हातात धपाटा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अण्णा दांडी उचलून दाखवत होते आणि तो मान डोलवत होता.

मिरवणुकीला आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो. आमच्या लोकांत त्याला वेळेवर म्हणतात.

त्यानंतर महिनाभर बायको रोज सकाळी सांगत होती, “तुमच्या त्या ट्रेलरनं काटा बिघडवलाय. दोन पौंड जास्त दाखवतो.” मी गणपतीतल्या मोदकांकडे निर्देश करत होतो. नोव्हेंबरात अण्णा परत निघाले. विमानाला एका बॅगेत ५० पौंड चालतात. त्यांची बॅग आमच्या काट्यावर ५२ भरली. मी आतले बदाम काढायला घेतले. अण्णांनी बॅग एका हातानं उचलली, क्षणभर धरली आणि खाली ठेवली.

“पन्नासच हाय. ऱ्हाऊ द्या.”

विमानतळावरच्या काट्यावर आकडा आला ५०.० पौंड. अण्णा काही बोलले नाहीत. बायकोही नाही. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, आणि मी बॅगेच्या चाकांकडे.